चंद्रावर गेलेला भूशास्त्रज्ञ आणि आपली पुढची निवड

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गगनयानासाठी निवडलेले चौघेही, म्हणजे प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला, हवाई दलाचे चाचणी वैमानिक आहेत. यान नवे, यंत्रणा नव्या आणि उड्डाणे पहिलीच. अशा ठिकाणी चाचणी वैमानिकच हवेत, याबद्दल आमचे दुमत नाही. पण २०३५ पर्यंत भारतीय अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस, असे उद्दिष्ट देशाने जाहीर केले आहे. चंद्रावर उतरल्यावर यान उडवण्याचे काम संपते आणि दगड वाचण्याचे काम सुरू होते. ते कोण करणार, हा प्रश्न २०३८ मध्ये विचारून चालणार नाही. तो आत्ताच विचारायला हवा. याचे कारण हॅरिसन श्मिट यांच्या कारकिर्दीत दिसते.

श्मिट यांचा उल्लेख आपल्या वर्तमानपत्रांत ‘चंद्रावर गेलेले पहिले शास्त्रज्ञ’ असा एका ओळीत येतो आणि तिथेच संपतो. डिसेंबर १९७२ मधले तीन दिवस लोकांना माहीत असतात; त्याआधीची सात वर्षे माहीत नसतात. आमच्या मते खरे काम त्या सात वर्षांत झाले.

श्मिट यांचा जन्म ३ जुलै १९३५ चा, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता रीटा या खाणगावचा. वडील खाणींचे भूशास्त्रज्ञ, त्यामुळे खडक आणि नकाशे घरातच होते. १९५७ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदवी, मग वर्षभर ओस्लो विद्यापीठ, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर क्षेत्रकाम आणि त्याच कामावर १९६४ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट. त्यानंतर ते अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्लॅगस्टाफ इथल्या केंद्रात रुजू झाले. हे केंद्र युजीन शूमेकर यांनी उभे केले होते. उल्कापाताने विवरे कशी होतात, हे पुराव्यानिशी दाखवणारा हा माणूस. स्वतः चंद्रावर जाण्याची त्यांची फार इच्छा होती, पण अॅडिसनच्या विकारामुळे (मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा आजार) तो मार्ग बंद झाला. फ्लॅगस्टाफला श्मिट यांच्याकडे जे काम आले ते असे: अवकाश पोशाख घातलेल्या माणसाला चंद्रावर क्षेत्रकाम करायचे असेल, तर त्याची पद्धत आणि साधने काय असावीत? म्हणजे अंतराळवीर होण्याआधीच ते अंतराळवीराच्या कामाची आखणी करत होते.

१९६५ मध्ये नासाने शास्त्रज्ञांसाठी वेगळी भरती काढली. अटी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याला त्या उपयोगी आहेत. जन्म १ ऑगस्ट १९३० नंतरचा, उंची सहा फुटांच्या आत, निसर्गविज्ञान, वैद्यक किंवा अभियांत्रिकीतली डॉक्टरेट वा तिच्या तोडीचा अनुभव. उड्डाणाच्या तासांची अट नव्हती. वैज्ञानिक पात्रतेची चाळणी नासाने स्वतः केली नाही. ती राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडे सोपवली आणि त्या समितीचे प्रमुख होते शूमेकर. २८ जून १९६५ रोजी सहा नावे जाहीर झाली: ओवेन गॅरियट, एडवर्ड गिब्सन, डुएन ग्रेव्हलाइन, जोसेफ कर्विन, कर्टिस मिशेल आणि हॅरिसन श्मिट. सहांत भूशास्त्रज्ञ एकच.

कर्विन आणि मिशेल यांना विमान चालवता येत होते. बाकीच्यांना अॅरिझोनातल्या विल्यम्स हवाई तळावर वर्षभर जेट विमानाच्या प्रशिक्षणाला पाठवले. श्मिट यांनी १९६६ मध्ये हवाई दलाचे आणि पुढच्या वर्षी नौदलाचे हेलिकॉप्टरचे प्रशिक्षण पूर्ण केले. कारकिर्दीत त्यांचे उड्डाणाचे तास दोन हजारांवर गेले. शास्त्रज्ञाला वैमानिक करायला एक वर्ष पुरते. वैमानिकाला क्षेत्रातला मुरलेला भूशास्त्रज्ञ करायला वर्षभराचा अभ्यासक्रम पुरत नाही, कारण डोळा तयार व्हायला निरनिराळ्या डोंगरांवर घालवलेले मोसम लागतात. आपल्या निवडीचा हिशेब करताना ही विषमता कुणी मांडत नाही, याचे आम्हाला वाईट वाटते.

या भरतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ग्रेव्हलाइन काही आठवड्यांत बाहेर पडले. मिशेल यांनी १९६९ मध्ये उड्डाणाविनाच राजीनामा दिला आणि ते विद्यापीठात परतले. १९६७ मध्ये अकरा शास्त्रज्ञांची दुसरी तुकडी घेतली, पण त्यांतल्या एकालाही अपोलोत जागा मिळाली नाही. उत्तम संशोधक बोलावायचे, त्यांची चार-पाच वर्षे सिम्युलेटरमध्ये घालवायची आणि उड्डाणाची यादी मात्र वैमानिकांचीच ठेवायची, असे झाले की चांगली माणसे निघून जातात. संशोधन थांबलेल्या शास्त्रज्ञाला परत आपल्या विषयात पाय रोवणे फार जड जाते. गॅरियट, गिब्सन आणि कर्विन टिकले आणि १९७३-७४ मध्ये स्कायलॅब स्थानकावर गेले. सौरभौतिकीचे गिब्सन यांनी तिथल्या सौर दुर्बिणीवर २१ जानेवारी १९७४ रोजी एका सौर ज्वालेची अगदी सुरुवात टिपली. ज्वाला कुठे उठेल याचा अंदाज बांधत पडद्यावर नजर ठेवून बसलेला माणूस त्या विषयातला होता, म्हणून ते साधले.

आता श्मिट यांच्या कामाकडे वळतो. अपोलोच्या सुरुवातीच्या काळात चांद्रवीरांना भूशास्त्र शिकवले जाई ते वर्गातल्यासारखे: खनिजांची नावे, फळ्यावरच्या आकृत्या. वैमानिक कंटाळत. वैमानिकाला नावांची यादी नको असते; त्याला काम हवे असते, आणि काम बरे झाले की वाईट हे लगेच कळायला हवे असते. श्मिट त्यांच्यातच बसत असल्याने हे त्यांनी ओळखले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले भूशास्त्रज्ञ ली सिल्व्हर यांना त्यांनी या कामात आणले. सप्टेंबर १९६९ मध्ये सिल्व्हर यांनी अपोलो-१३ च्या लव्हेल आणि हेझ यांना, त्यांच्या राखीव जोडीतल्या यंग आणि ड्यूक यांच्यासह, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ओरोकोपिया डोंगरात नेले. पुढच्या मोहिमांत रुळलेली पद्धत अशी. दोघांची जोडी, अंगावर पाठपिशवी आणि रेडिओ. भूशास्त्रज्ञ तंबूत, त्यांना समोरचा डोंगर दिसत नाही. जोडीने पाहायचे, बोलून वर्णन करायचे, नमुने घ्यायचे. तंबूतल्यांनी केवळ त्या वर्णनावरून नकाशा काढायचा. नंतर सगळ्यांनी मिळून तोच रस्ता पुन्हा चालायचा आणि जागेवर उभे राहून काय सुटले ते पाहायचे. तंबूतला नकाशा चुकला असेल तर वर्णनात कुठे चूक झाली ते तिथल्या तिथे कळते.

याचे फळ अपोलो-१५ मध्ये दिसले. डेव्हिड स्कॉट आणि जेम्स अर्विन, दोघेही वैमानिक, सिल्व्हर यांच्या हाताखाली तयार झालेले. १ ऑगस्ट १९७१ रोजी स्पर विवराच्या काठी त्यांनी पांढरा अॅनॉर्थोसाइटचा, म्हणजे चंद्राच्या आद्य कवचाच्या खडकाचा, तुकडा दुरूनच ओळखला आणि तो का महत्त्वाचा हे त्यांना उचलण्याआधीच कळले होते. म्हणून आमचे म्हणणे ‘वैमानिकाला जमत नाही’ असे मुळीच नाही. वैमानिकाला जमते, पण तुकडीत एक शास्त्रज्ञ बरोबरीने राहत असेल, साधनांच्या बैठकीत भांडत असेल आणि सरावाचा आग्रह धरत असेल तर. बाहेरून आठवड्याला एक तास येणारा व्याख्याता हे करू शकत नाही. चंद्राची कक्षेतून दिसणारी ठिकाणे, साधनांची रचना, फेऱ्यांचे वेळापत्रक, आणलेल्या नमुन्यांचा अभ्यास अशा प्रत्येक ठिकाणी श्मिट यांचा हात होता. फ्लॅगस्टाफजवळच्या सिंडर लेक इथे १९६७ मध्ये ज्वालामुखीच्या राखेच्या मैदानात स्फोट घडवून ४७ खळगे तयार केले होते, चंद्राच्या खऱ्या छायाचित्रावरून, त्याच मापाने आणि त्याच मांडणीने. चंद्रावर चालायची रंगीत तालीम तिथे झाली.

श्मिट अपोलो-१५ च्या राखीव चमूत होते. क्रमानुसार त्यांची पाळी अपोलो-१८ ला आली असती, पण सप्टेंबर १९७० मध्ये शेवटच्या दोन मोहिमा रद्द झाल्या. एकही शास्त्रज्ञ न जाता चांद्रमोहिमा संपणार, हे वैज्ञानिक वर्तुळाला मान्य नव्हते. ऑगस्ट १९७१ मध्ये अपोलो-१७ चा चमू जाहीर झाला: यूजीन सर्नन, रोनाल्ड इव्हान्स, आणि तिसऱ्या जागी जो एंगल यांच्याऐवजी श्मिट. एंगल उत्तम वैमानिक होते, त्यांच्यावर हा अन्यायच झाला; दहा वर्षांनी त्यांनी स्पेस शटल उडवले. शास्त्रज्ञाची जागा सुरुवातीपासून ठरलेली असती, तर ही वेळ आली नसती.

७ डिसेंबर १९७२ च्या मध्यरात्रीनंतर सॅटर्न-५ अग्निबाण उडाला. वाटेत श्मिट पृथ्वीकडे पाहून ढगांची आणि वादळांची वर्णने देत राहिले, एखाद्या वेधशाळेसारखी. त्याच दिवशीच्या अख्ख्या पृथ्वीच्या प्रसिद्ध छायाचित्रात उजवीकडे वरच्या कडेला भारताजवळचे चक्रीवादळ दिसते. ते दोनच दिवसांपूर्वी तमिळनाडूवर आदळले होते.

११ डिसेंबरला ‘चॅलेंजर’ हे अवतरण यान चंद्रावरच्या टॉरस-लिट्रो दरीत उतरले. सर्नन आणि श्मिट यांनी तीन फेऱ्यांत मिळून बावीस तास बाहेर काम केले, बॅटरीच्या गाडीने सुमारे ३५ किलोमीटर फिरले आणि ११० किलोच्या वर नमुने आणले. अपोलो-११ ने साडेएकवीस किलो आणले होते. हा फरक काही सगळा श्मिट यांचा नव्हे. गाडी होती, वेळ होता. वजनावरून शास्त्रज्ञाचे मोल ठरवणे चूकच. ते कशावरून ठरते, ते पाहायचे तर शॉर्टी विवराच्या काठावर जावे लागेल.

शॉर्टी हे ११० मीटर व्यासाचे लहान विवर. दुसऱ्या फेरीत तिथे पोहोचले तेव्हा हातात जेमतेम अर्धा तास होता. चंद्रावर घड्याळ प्राणवायू ठरवतो. गाडी बंद पडली तर उरलेल्या प्राणवायूत यानापर्यंत पायी परतता आले पाहिजे, या नियमाने प्रत्येक थांब्याची मर्यादा ठरते. काठावरच्या राखाडी मातीत श्मिट यांच्या बुटाने माती उकरली गेली आणि खाली नारिंगी रंग दिसला. त्यांनी पहिल्यांदा काय केले, तर स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवला. हेल्मेटच्या पुढच्या काचेला सोन्याचा मुलामा असतो, गाडीवर चमकदार वेष्टण असते. त्यांचे प्रतिबिंब तर नाही ना? काच वर करून, जागा बदलून पाहिले. रंग मातीचाच होता.

पुढच्या पावलांचा क्रम महत्त्वाचा आहे. नारिंगी पट्टा साधारण एक मीटर रुंद, विवराच्या काठाला समांतर. श्मिट यांनी त्याच्या लांबीने न खणता आडवा चर खणला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या राखाडी मातीशी असलेल्या सीमा उघड्या पडल्या. मग नमुने तीन जागी: मधली नारिंगी माती, आणि दोन्ही बाजूंची राखाडी माती वेगवेगळ्या पिशव्यांत. शेवटी पट्ट्याच्या मध्यावर दुहेरी नळी हातोड्याने ठोकली. एकेक नळी ३५ सेंटिमीटर लांब, आतला व्यास चार सेंटिमीटर. दोन जोडल्या की पाऊण मीटरच्या आतबाहेरचा थर जसाच्या तसा वर येतो. नळी काढली तर खालच्या टोकाला माती काळी होती. हे सगळे करताना उभी काठी असलेली तिपाई, म्हणजे नोमॉन, चौकटीत ठेवून आधीची, मधली आणि नंतरची छायाचित्रे. काठी गुरुत्वाकर्षणाने सरळ लटकते म्हणून उतार कळतो, सावलीवरून दिशा कळते आणि पायावरच्या रंगपट्टीवरून खरा रंग जुळवता येतो. आणि प्रत्येक पिशवीचा क्रमांक मोठ्याने बोलून नोंदवला, कारण क्रमांक चुकला की दगड अनाथ होतो. तो कुठला, कोणत्या बाजूने सूर्याकडे होता, शेजारी काय होते, हे परत कधीच कळत नाही.

नारिंगी रंग पाहून श्मिट यांचा आणि पृथ्वीवरच्या तज्ज्ञांचा पहिला अंदाज असा होता की इथे अलीकडच्या काळात ज्वालामुखीची वाफ निघाली असावी आणि तिने माती गंजली असावी. हा अंदाज चुकला. प्रयोगशाळेत कळले की ही माती म्हणजे काचेचे अतिसूक्ष्म थेंब आहेत, मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढे. सुमारे ३६० कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे कारंजे उडाले, थेंब हवेविना गोठले. टायटॅनियम भरपूर असल्याने काच नारिंगी दिसते. ज्या थेंबांना थंड व्हायला थोडा जास्त वेळ मिळाला त्यांत इल्मेनाइटचे (लोह आणि टायटॅनियमच्या खनिजाचे) स्फटिक वाढले आणि ते काळे झाले. म्हणूनच नळीच्या तळाशी काळे आणि वर नारिंगी. इल्मेनाइट आपल्याला परके नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत हेच खनिज असते.

अंदाज चुकला तरी काम चुकले नाही, आणि क्षेत्रकामाची कसोटी हीच. चर आडवा होता, तिन्ही नमुने वेगळे होते, नळी मध्यावर होती, नोंदी पक्क्या होत्या. म्हणून ज्यांनी नंतर प्रश्न विचारले त्यांना उत्तर देण्याइतका पुरावा हाताशी राहिला. २००८ मध्ये अशाच चांद्र काचेच्या थेंबांत पाण्याचा अंश सापडला. २०११ मध्ये याच नारिंगी मातीतल्या स्फटिकांत अडकलेल्या लाव्हाच्या सूक्ष्म थेंबांत पृथ्वीवरच्या समुद्रतळाच्या लाव्हाइतके पाणी असल्याचे दिसले. तोवर चंद्राचे पोट कोरडे ठणठणीत मानले जाई.

दुसरे उदाहरण साध्या दाताळ्याचे. त्याच्या दात्यांत एक सेंटिमीटरचे अंतर. माती खाली गळते, खडे वर राहतात. नजरेत भरेल तो दगड उचलला तर विचित्र दगडच जमा होतात. दाताळ्याने ओढले की त्या जागेचा सरासरी माल मिळतो. नॉर्थ मॅसिफ या दरीच्या उत्तरेकडच्या डोंगराच्या पायथ्याशी, सहाव्या थांब्यावर, डोंगरावरून गडगडत येऊन पाच तुकडे झालेल्या मोठ्या शिळेजवळ दाताळ्याने ओढलेल्या खड्यांत दीडशे ग्रॅमचा एक ट्रॉक्टोलाइट, म्हणजे खोलवर सावकाश गोठलेला खडक, निघाला. सव्वाचारशे कोटी वर्षे वयाचा, उल्काघातांनी फारसा न बिघडलेला. चंद्राला एके काळी चुंबकीय क्षेत्र होते का, या प्रश्नावर पुढे त्याच खड्याने पुरावा दिला. त्या शिळेवर दोन प्रकारच्या ब्रेशियांची (आघातांनी फुटलेले तुकडे जुळून झालेल्या खडकांची) सीमारेषा श्मिट यांनी उभ्याउभ्या ओळखून वर्णन केली. तिच्या घसरणीचा माग डोंगरावर दिसत होता, त्यामुळे ती मूळ कुठल्या थरातली हेही सांगता आले.

काय बिघडते हेही लिहिले पाहिजे. अवकाश पोशाखात हवेचा दाब पृथ्वीच्या जेमतेम पाव असतो, तरी तो फुगलेल्या फुग्यासारखा ताठ राहतो. कमरेत वाकता येत नाही, गुडघा टेकवणे कष्टाचे. म्हणून पाऊण मीटरचा चिमटा आणि लांब दांड्याचे फावडे. हातमोज्याची मूठ मिटायला प्रत्येक वेळी जोर लागतो. तासाभराने कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू भरून येतात, नखे दुखावतात. यासाठी अपोलो-१७ ला गाडीवर बसूनच माती उचलायचे एक साधन दिले होते: लांब दांडी, टोकाला एकात एक बसवलेल्या पेल्यांसारख्या पिशव्या. उतरणे-चढणे वाचले, आणि दोन थांब्यांच्या मधल्या जागांचेही नमुने मिळाले.

धूळ हा सर्वांत मोठा शत्रू. वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे कणांच्या कडा घासून बोथट झालेल्या नाहीत. पहिल्याच फेरीत सर्नन यांच्या पोशाखाच्या खिशातला हातोडा अडकून गाडीच्या उजव्या मागच्या चाकावरचा मडगार्डचा तुकडा निघाला. चिकटपट्टीने जोडला, पण धुळीवर चिकटपट्टी धरत नाही. तो पुन्हा पडला आणि चाकाने उडवलेला धुळीचा पाऊस दोघांवर आणि उपकरणांवर पडला. काळी धूळ ऊन शोषते. बॅटरीच्या उष्णता फेकणाऱ्या पृष्ठभागावर बसली की बॅटरी तापते. दुसऱ्या सकाळी चार नकाशे एकमेकांना चिकटवून, यानातल्या दुर्बिणीच्या दिव्याच्या पकडींनी ते चाकावर बसवले. ते टिकले. पोशाखांबरोबर धूळ यानात आली आणि श्मिट यांना नाक चोंदून परागकणांच्या अॅलर्जीसारखा (‘हे फीवर’) त्रास झाला. चांद्रधुळीची अॅलर्जी होऊ शकते, ही नोंद वैद्यकांनी आजही डोळ्यांसमोर ठेवायला हवी.

आणि एक चूक पृथ्वीवरची. गुरुत्व लहरी टिपण्यासाठी ठेवलेल्या ग्रॅव्हिमीटरची दांडी चंद्राच्या एकषष्ठांश गुरुत्वात समतोल होईना, कारण वजनांचा हिशेब पृथ्वीवरच चुकला होता. श्मिट यांनी पुन्हा पुन्हा समपातळी तपासली, ठोकून पाहिले. भूशास्त्रज्ञाची अमूल्य मिनिटे एका बेरजेपायी गेली. तिथे नेण्याच्या प्रत्येक उपकरणाचा हिशेब दोन स्वतंत्र हातांनी तपासायला हवा, ही आमची सूचना चांद्रयानाच्या प्रत्येक अभियंत्याला आधीच पटलेली असेल. अंतराळवीराचा वेळही त्याच काट्यावर मोजावा.

१९७५ मध्ये श्मिट नासातून बाहेर पडले आणि १९७७ ते १९८३ अमेरिकेच्या सिनेटमध्ये होते. पण त्यांचे काम चालूच राहिले. तिसऱ्या थांब्यावर ठोकलेल्या दुहेरी नळीचा खालचा भाग चंद्रावरच निर्वात डब्यात बंद केला होता. तो पन्नास वर्षे न उघडता ठेवला आणि मार्च २०२२ मध्ये उघडला. १९७२ मध्ये अस्तित्वात नसलेली उपकरणे आता होती. त्या अभ्यासगटात श्मिट स्वतः होते, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी.

आपल्याकडे हे अगदी परके नाही. अपोलोचे नमुने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते. देवेंद्र लाल यांच्या गटाने त्यांतल्या वैश्विक किरणांच्या खुणा मोजल्या, आणि अपोलो-१७ च्या जागेवरच्या मातीवर लाल यांच्याबरोबर काम करणारे जितेंद्रनाथ गोस्वामी पुढे चांद्रयान-१ चे प्रमुख शास्त्रज्ञ झाले. चांद्रयान-४ नमुने घेऊन येणार आहे. नमुना वाचणारी माणसे आपल्याकडे आहेत. जागेवर उभे राहून तो निवडणारे अजून घडवलेले नाहीत.

म्हणून संबंधितांकडे आपल्या पत्रामार्फत मागणी आहे. पुढच्या अंतराळवीर निवडीत किमान दोन जागा शास्त्रज्ञांसाठी राखाव्यात, त्यांतली एक क्षेत्रकाम केलेल्या भूशास्त्रज्ञासाठी. उड्डाणाच्या तासांची अट नको, ते निवडीनंतर शिकवता येते. वैज्ञानिक पात्रता विज्ञान अकादमीने ठरवावी, वैद्यकीय पात्रता आज जी संस्था ठरवते तिनेच. निवड झालेल्याला आठवड्यातला ठरावीक वेळ स्वतःच्या संशोधनासाठी लेखी द्यावा, नाहीतर मिशेल यांच्यासारखी माणसे जातील. आणि त्याचे उड्डाण कधी, हे निवडतानाच सांगावे.

सरावासाठी लोणार आहे. बुलढाणा जिल्ह्यातले हे विवर १.८ किलोमीटर व्यासाचे, आणि बेसाल्टमध्ये उल्काघाताने झालेली विवरे जगात मोजकीच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि स्मिथसोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथे छिद्रे घेऊन उल्काघाताचे पुरावे काढले, तेव्हाच चंद्राशी तुलना झाली. भिंतीत लाव्हाचे पाच-सहा थर आहेत. थराचा माथा सच्छिद्र, बुड घट्ट, दोहोंमध्ये कुठे लाल मातीची पट्टी. काठावर थर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात आणि त्यांवर फेकलेला मलबा बसलेला. कललेला थर आणि मलबा यांची सीमा दाखवा, असे विद्यार्थ्याला सांगितले तर बहुतेक जण पहिल्यांदा दहा मीटर वर किंवा खाली दाखवतात. तिथेच सरावाचा उपयोग. लोणार अभयारण्य आहे, म्हणून हातोडा चालवण्याऐवजी वर्णन, छायाचित्र आणि जागेची नोंद एवढाच सराव तिथे करावा; नमुने घेण्याचा सराव डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे दख्खनच्या लाव्हाच्या थरांतल्या, रिकाम्या दगडखाणीत करता येईल. जाड हातमोजे, पाठीवर वजन, रेडिओ, आणि तंबूत नजरेआड बसलेले दोन भूशास्त्रज्ञ. ऑक्टोबरनंतर गवत वाळले की काठ उघडा पडतो, फेब्रुवारीनंतर ऊन सोसवत नाही. मधले चार महिने पुरेसे आहेत.

आपले,
भूशास्त्राचे काही अध्यापक,
छत्रपती संभाजीनगर